दुसऱ्यांदा लिहिताना अडणारी आरडब्ल्यू डिस्क : लिनक्सवर मूळ कारण कसे शोधावे

पहिल्या वेळी काहीच अडत नाही. डिस्क ड्राइव्हमध्ये घातली, कमांड दिली, दिवा लुकलुकत राहिला आणि काही मिनिटांत सगळ्या फायली डिस्कवर आल्या, इतके ते सुरळीत होते. आठवड्याभराने त्याच डिस्कवर आणखी फायली जोडायला घेतल्या, की मात्र ड्राइव्ह नकार देतो. डिस्क पुसून पुन्हा लिहिली, तर ती एकदा व्यवस्थित लिहिली जाते आणि पुढच्या वेळी त्याच जागी पुन्हा अडते. हे दोनतीनदा झाले, की डिस्क निकामी झाली असे समजून ती टाकून दिली जाते, नवी आणली जाते आणि नवी डिस्कही नेमकी तशीच वागते. माझ्या बॅकअपच्या डीव्हीडी-आरडब्ल्यू डिस्कबाबत हे चक्र बरेच दिवस चालले होते. त्यातून शोधत गेल्यावर जे हाती लागले ते येथे सविस्तर लिहीत आहे, कारण हा दोष बहुतेक वेळा डिस्कचाही नसतो आणि ड्राइव्हचाही नसतो. डिस्क या क्षणी कोणत्या अवस्थेत आहे हे न विचारताच आपण तिला पुसतो किंवा तिच्यावर लिहू पाहतो, आणि अडचण तेथे सुरू होते.

पुढे कमांडची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची आहेत.

आधी विचारावे, मग पुसावे

‘आरडब्ल्यू’ हे एकच नाव असले तरी त्याखाली स्वभावाने अगदी वेगळ्या डिस्क येतात. सीडी-आरडब्ल्यू आणि डीव्हीडी-आरडब्ल्यू यांवर नवे काही लिहिण्यापूर्वी त्या सामान्यतः पुसाव्या लागतात. डीव्हीडी+आरडब्ल्यू, डीव्हीडी-रॅम आणि बीडी-आरई (पुन्हा लिहिता येणारी ब्लू-रे) यांना पुसण्याची गरज नसते; एकदा फॉरमॅट झाल्यावर जुन्या मजकुरावरच नवा मजकूर लिहिता येतो. नावातील एका अधिक किंवा उणे चिन्हाने सगळी पद्धत बदलते आणि नेमके तेच चिन्ह वाचताना सहज नजरेतून सुटते.

म्हणून काहीही करण्याआधी ‘डीव्हीडी+आरडब्ल्यू-मीडियाइन्फो’ ही कमांड ‘/डेव्ह/एसआर०’ या उपकरणावर चालवावी. ती उपलब्ध नसेल तर ‘एक्सऑरिसो’ या डिस्क लिहिण्याच्या दुसऱ्या कमांडला ‘आउटडेव्ह’ने ड्राइव्ह सांगून ‘टीओसी’ मागितल्यास तीच माहिती मिळते. या उत्तरातील दोन गोष्टी मी प्रत्येक वेळी पाहतो. पहिली म्हणजे ‘माउंटेड मीडिया’ या ओळीतील प्रोफाइल क्रमांक. तो षोडशमान पद्धतीत असतो : सीडी-आरडब्ल्यूसाठी ०ए, डीव्हीडी-रॅमसाठी १२, डीव्हीडी+आरडब्ल्यूसाठी १ए आणि बीडी-आरईसाठी ४३. डीव्हीडी-आरडब्ल्यूला मात्र दोन क्रमांक आहेत, १३ आणि १४, आणि आपल्या समस्येचे मूळ बहुधा या दोहोंच्या फरकातच सापडते. दुसरी गोष्ट म्हणजे डिस्कची स्थिती : ती कोरी आहे, लिहिलेली पण उघडी आहे, की लिहून कायमची बंद केलेली आहे.

डीव्हीडी-आरडब्ल्यूच्या दोन अवस्था

प्रोफाइल १४ म्हणजे क्रमवार लेखन. दुकानातून आणलेली नवी डीव्हीडी-आरडब्ल्यू याच अवस्थेत असते आणि तिच्यावर सुरुवातीपासून पुढे, एकामागून एक असेच लिहिता येते. प्रोफाइल १३ म्हणजे मर्यादित पुनर्लेखन. या अवस्थेत ३२ केबीच्या ठोकळ्यांनी जुन्या मजकुरावर लिहिता येते आणि मध्ये पुसावे लागत नाही. डिस्क तीच राहते, फॉरमॅट केल्याने ती १४ मधून १३ मध्ये जाते आणि पुसल्याने १३ मधून १४ मध्ये परत येते.

आता अडचणीचा नेमका प्रसंग पाहू. ग्राफिकल बर्निंग प्रोग्रॅममध्ये ‘त्वरित पुसा’ हा पर्याय आधीच निवडलेला असतो आणि ‘वोडिम’ किंवा ‘सीडीरेकॉर्ड’ या टर्मिनलवरील बर्निंगच्या कमांड वापरणारेही सवयीने ‘ब्लँक=फास्ट’ हाच पर्याय देतात. सीडी-आरडब्ल्यूसाठी हा पर्याय अगदी योग्य आहे, कारण त्यात विषयसूची आणि तिच्याशी जोडलेली छोटी क्षेत्रे तेवढी पुसली जातात आणि डिस्क पुन्हा पूर्ण क्षमतेने वापरता येते. डीव्हीडी-आरडब्ल्यूचे तसे नाही. त्वरित पुसलेली डीव्हीडी-आरडब्ल्यू कोरी दिसते, पण तिच्यावर टप्प्याटप्प्याने लिहिण्याची सोय उरलेली नसते. आकार आधी जाहीर करून सगळी डिस्क एका दमात लिहायची आणि बंद करायची, म्हणजे ‘डीएओ’ पद्धत, एवढाच मार्ग शिल्लक राहतो. अशा डिस्कवर ‘ग्रोआयसोएफएस’ ही फायली लिहिण्याची आणि भर घालण्याची कमांड चालवल्यास तो मजकुराच्या गर्दीत ‘फीचर २१एच इज नॉट ऑन, एंगेजिंग डीएओ’ अशी एक ओळ छापतो आणि काम पुढे नेतो. लेखन यशस्वी होते, त्यामुळे ती ओळ वाचायची राहून जाते. मीही ती बरेच दिवस वाचली नव्हती. पुढच्या आठवड्यात ‘-एम’ पर्यायाने भर घालायला गेल्यावर मात्र डिस्क बंद झालेली असते आणि नकार येतो. आपण ती पुन्हा त्वरित पुसतो आणि तोच फेरा पुन्हा सुरू होतो.

यावर दोन उपाय आहेत आणि कोणता निवडावा हे डिस्कच्या उपयोगावर ठरते. बॅकअपसाठी किंवा वारंवार भर घालण्यासाठी डिस्क हवी असेल, तर ‘डीव्हीडी+आरडब्ल्यू-फॉरमॅट’ ही कमांड ‘-फोर्स’ पर्यायासह एकदा चालवून डिस्क मर्यादित पुनर्लेखनाच्या अवस्थेत न्यावी. नावात अधिक चिन्ह असले तरी ही कमांड डीव्हीडी-आरडब्ल्यूवरही चालते. हे फॉरमॅट लवकर आटोपते, त्यानंतर प्रोफाइल १३ दिसते आणि पुढे ती डिस्क कधीही पुसावी लागत नाही. नवे लेखन ‘-झेड’ने आणि भर ‘-एम’ने घालता येते. माझ्या सर्व बॅकअपच्या डिस्क मी आता याच अवस्थेत ठेवतो आणि हीच शिफारस करतो. काही कारणाने क्रमवार अवस्थाच हवी असेल, तर त्याच कमांडला ‘-ब्लँक=फुल’ देऊन डिस्क संपूर्ण पुसावी. १एक्स वेगाला म्हणजे सेकंदाला सुमारे १३८५ केबी या गतीने ४.७ जीबीची डिस्क पुसायला जवळपास तासभर लागतो, २एक्सला त्याच्या निम्मा वेळ. हा वेळ टाळण्यासाठीच सगळे त्वरित पर्यायाकडे वळतात, हे मला समजते. पण भर घालायची असेल तर तो तास वाचत नाही, फक्त पुढे ढकलला जातो. डिस्क घरगुती प्लेअरवर चित्रपट पाहण्यासाठी एकदाच लिहायची असेल, तर मात्र त्वरित पुसून ‘डीएओ’ने लिहिणे हाच उत्तम मार्ग आहे.

‘एक्सऑरिसो’ वापरणाऱ्यांसाठी येथे एक सूचना आहे. त्यात ‘ब्लँक’ला ‘अ‍ॅज_नीडेड’ हे मूल्य दिल्यास तो डिस्कची अवस्था पाहून आवश्यक तेवढेच करतो. ‘डीफॉरमॅट’ हे मूल्य डीव्हीडी-आरडब्ल्यूला क्रमवार अवस्थेत आणते, तर ‘डीफॉरमॅट_क्विकेस्ट’ हे मूल्य वर सांगितलेली, भर न घालता येणारी कोरी डिस्क तयार करते. नावे जवळची आहेत, परिणाम एकदम वेगळे आहेत.

सीडी-आरडब्ल्यू आणि डीव्हीडी+आरडब्ल्यू

सीडी-आरडब्ल्यूवर दुसरे लेखन अडले, तर कारण बहुधा साधे असते. पहिल्या वेळी ‘वोडिम’ला ‘-मल्टी’ पर्याय दिलेला नसतो, त्यामुळे डिस्क पहिल्याच सेशननंतर, म्हणजे एका वेळच्या लेखनानंतर, बंद होते. बंद झालेली सीडी पुन्हा उघडता येत नाही, ती पुसावीच लागते. आणखी एक कारण वेगाचे आहे. सीडी-आरडब्ल्यू डिस्कचे वेगानुसार वर्ग आहेत आणि वरच्या वेगाच्या वर्गातील डिस्क जुन्या, कमी वेगाच्या ड्राइव्हवर लिहिताच येत नाहीत. त्या वाचल्या जातात, म्हणून त्या लिहिल्याही जातील असा समज होतो. ‘वोडिम’ला ‘-एटिप’ दिल्यास डिस्कचा वेग कळतो. ‘सर्वांत कमी वेग सर्वांत सुरक्षित’ हा सल्ला म्हणूनच सरसकट लागू पडत नाही, कारण डिस्कला किमान वेगाचीही मर्यादा असते.

डीव्हीडी+आरडब्ल्यूबाबत चूक उलट दिशेने होते : ती पुसण्याची गरज नसताना पुसली जाते किंवा दर वेळी फॉरमॅट केली जाते. ‘ग्रोआयसोएफएस’ नव्या डिस्कला पहिल्या वापरात स्वतःच फॉरमॅट करतो आणि त्यानंतर ते काम संपलेले असते. आधीच फॉरमॅट झालेली डिस्क दिसली की ‘डीव्हीडी+आरडब्ल्यू-फॉरमॅट’ थांबतो आणि ‘-फोर्स’ दिल्याशिवाय पुढे जात नाही. ही अडवणूक डिस्कच्या हिताची आहे, कारण प्रत्येक फॉरमॅटने डिस्क विनाकारण झिजते. सगळे नव्याने लिहायचे असेल तर सरळ ‘-झेड’ वापरावे. भर घालताना ‘डझन्ट लुक लाइक आयसोएफएस’ असा संदेश आला, तर डिस्कवर आयसो ९६६० ऐवजी दुसरी फाइल-व्यवस्था आहे, बहुधा यूडीएफ आहे, एवढाच त्याचा अर्थ आहे. भर घालताना पहिल्या वेळी दिलेले ‘-आर’, ‘-जे’ यांसारखे पर्याय तसेच्या तसे पुन्हा द्यावेत. ते बदलले तर जुन्या फायलींची नावे वेगळी दिसतात आणि डेटा गेला असा भास होतो.

डीव्हीडी-रॅम आणि बीडी-आरई यांवर हा प्रश्न क्वचितच येतो. त्या संथ वाटतात, कारण दोषव्यवस्थापन चालू असताना ड्राइव्ह लिहिलेला प्रत्येक भाग तपासून पाहतो आणि वेग निम्म्यावर येतो.

यशस्वी लेखनानंतरही जुनेच दिसते

काही वेळा लेखन पूर्ण होते, त्रुटीही येत नाही, पण माउंट केल्यावर, म्हणजे फायली पाहण्यासाठी जोडल्यावर, डिस्कवर जुन्याच फायली दिसतात. येथे डिस्कवर काहीच चुकलेले नसते. बर्निंगचे प्रोग्रॅम ड्राइव्हशी थेट स्कझी (ड्राइव्हला आदेश देण्याची प्रमाणित पद्धत) कमांडने बोलतात. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ब्लॉक-स्तरातून तो डेटा जातच नाही, त्यामुळे कर्नलने आपल्या कॅशेमध्ये ठेवलेली जुनी पाने आणि डिस्कचा जुना आकार तसाच राहतो. डिस्क बाहेर काढून पुन्हा आत घातली, की कर्नलला माध्यम बदलल्याची खबर मिळते आणि तो सगळे नव्याने वाचतो. यासाठीच ‘ग्रोआयसोएफएस’ लेखन संपल्यावर ट्रे बाहेर काढून आत घेण्याचा प्रयत्न करतो. लॅपटॉपमधील ट्रे मात्र कडी सुटून स्प्रिंगने बाहेर येतो, पण आपोआप आत जाऊ शकत नाही; तो हाताने ढकलावा लागतो. रात्री आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये लेखनानंतर लगेच पडताळणी लावली असेल आणि ड्राइव्ह लॅपटॉपचा असेल, तर ती पडताळणी कधी उघड्या ट्रेवर अडते, तर कधी जुन्या कॅशेवर चालून चुकीचा निकाल देते.

पडताळणी शेवटच्या क्षणी अपयशी होते

सीडी-आरडब्ल्यू लिहून झाल्यावर ‘डीडी’ या जसेच्या तसे वाचणाऱ्या कमांडने संपूर्ण डिस्क वाचली, तर कधी कधी अगदी शेवटी इनपुट-आउटपुट त्रुटी येते आणि चेकसम जुळत नाही. ट्रॅक एकेक करून लिहिण्याच्या पद्धतीत, म्हणजे ‘टीएओ’मध्ये, ट्रॅकच्या शेवटी दोन असे सेक्टर राहतात ज्यांत डेटा नसतो आणि जे वाचताही येत नाहीत, पण ड्राइव्हने सांगितलेल्या ट्रॅकच्या लांबीत ते मोजलेले असतात. कर्नल पुढचे सेक्टर आधीच वाचून ठेवू पाहतो, त्या दोन सेक्टरांवर अडखळतो आणि कधी त्यांच्या अलीकडचे चांगले सेक्टरही गमावतो. इमेज, म्हणजे डिस्कवर लिहायची एकत्रित फाइल, तयार करताना ‘-पॅड’ पर्याय दिल्यास शेवटी १५० सेक्टरांची, म्हणजे ३०० केबीची रिकामी भर पडते आणि खरा डेटा सुरक्षित अंतरावर राहतो. दुसरा उपाय म्हणजे ‘डीएओ’ने लिहिणे.

पडताळणी तरीही इमेजच्या आकाराइतकीच करावी, डिस्कच्या आकाराइतकी नव्हे. ‘आयसोसाइझ’ ही कमांड फाइल-व्यवस्थेचा खरा आकार बाइटमध्ये सांगते. त्याला २०४८ ने भागले की सेक्टरांची संख्या मिळते. ‘डीडी’ला २०४८ चा ठोकळा आणि तेवढीच संख्या द्यावी आणि त्याच्या आउटपुटचे ‘शा२५६सम’ मूळ इमेजशी ताडून पाहावे. डीव्हीडी+आरडब्ल्यूवर तर हे अनिवार्य आहे, कारण तेथे नव्या, लहान इमेजनंतर मागच्या मोठ्या इमेजचे अवशेष तसेच शिल्लक असतात आणि पूर्ण डिस्कचा चेकसम कधीच जुळणार नाही.

ड्राइव्ह व्यस्त असल्याचा संदेश

डेस्कटॉप वातावरणात डिस्क घालताच ती आपोआप माउंट होते आणि मग बर्निंगच्या प्रोग्रॅमला ड्राइव्हवर एकट्याचा ताबा मिळत नाही. ‘यूमाउंट’ करून ‘फ्यूझर -व्ही’ने ड्राइव्ह कोणी धरून ठेवला आहे हे पाहावे, उघडी राहिलेली फाइल-व्यवस्थापकाची खिडकी किंवा त्या फोल्डरमध्ये उभे असलेले टर्मिनल हे नेहमीचे कारण असते. लेखन सुरू असताना मध्येच तुटत असेल, तर सिसएफएसमध्ये (‘/सिस’ या फोल्डरमध्ये) एसआर० या उपकरणाखाली असलेल्या ‘इव्हेंट्स_पोल_एमसेक्स’ या फाइलमध्ये तात्पुरते ० लिहून कर्नलची नियमित विचारपूस थांबवून पाहावी आणि नंतर -१ लिहून ती पूर्ववत करावी.

परवानगीचा प्रश्न असेल तर वापरकर्ता योग्य गटात आहे का हे ‘आयडी’ने तपासावे, डेबियनमध्ये तो गट ‘सीडीरॉम’ आणि आर्चमध्ये ‘ऑप्टिकल’ आहे. २००४ मध्ये आलेल्या लिनक्स २.६.८ पासून सामान्य वापरकर्त्याच्या स्कझी कमांड कर्नल गाळून घेतो, त्यामुळे केवळ वाचण्याची परवानगी असलेला वापरकर्ता डिस्क वाचू शकतो पण लिहू शकत नाही. फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्या दुसऱ्या कार्यप्रणालीवर उपकरणाचे नाव ‘/डेव्ह/सीडी०’ असे असते आणि ‘कॅमकंट्रोल डेव्हलिस्ट’ने ड्राइव्हसोबत त्याचे ‘पास’ उपकरणही कळते. लिहिण्यासाठी त्या ‘पास’ उपकरणाचीही परवानगी लागते, आणि ती राहून जाणे हेच तेथील नित्याचे कारण आहे.

त्रुटीतील पहिला आकडा

त्रुटी आली की तिच्यातील तीन आकड्यांकडे पाहावे. त्यांतील पहिला आकडा सर्वांत मोलाचा असतो, कारण चूक कोणाच्या पदरात टाकायची हे तो सांगतो. २ म्हणजे ड्राइव्ह अजून तयार नाही. थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करावा. ५ म्हणजे मागणीच अयोग्य आहे : ड्राइव्ह ठीक आहे, डिस्कवरही आक्षेप नाही, पण या अवस्थेतील डिस्कवर ही कमांड चालत नाही. दुसऱ्यांदा लिहिताना येणारा ५-६४-०० हा संकेत, म्हणजे ‘या ट्रॅकसाठी हा मोड चालत नाही’, याच प्रकारातला आहे. ५ दिसत असताना डिस्क टाकून देणे म्हणजे चांगली डिस्क वाया घालवणे होय. अशा वेळी पुन्हा प्रोफाइल पाहावे आणि वर सांगितल्याप्रमाणे अवस्था बदलावी.

३ मात्र माध्यमाचा दोष आहे आणि ४ हार्डवेअरचा. ३-०सी-०० म्हणजे प्रत्यक्ष लिहिताना आलेली चूक. ३-७३-०३ म्हणजे लेझरची शक्ती जुळवून पाहण्याच्या क्षेत्रातच चाचणी फसली. बाहेरचा यूएसबी ड्राइव्ह असेल तर हा संकेत आल्यावर मी आधी वायर आणि वीजपुरवठा पाहतो, कारण लिहिताना लेझरला वाचण्यापेक्षा बरीच जास्त शक्ती लागते आणि यूएसबी २.० चे पोर्ट ५०० मिलीअँपिअरपुरतेच बांधील असते. ड्राइव्ह वाचतो पण लिहायला सुरुवात करताच गळपटतो, हे लक्षण दिसले तर दोन टोकांची वायर किंवा स्वतंत्र अडॅप्टर लावून पाहावे.

झीज हे कारण मी सर्वांत शेवटी धरतो, पण ते खोटे नाही. या डिस्कमधील मिश्रधातूचा थर लेझरने वितळवून झटकन थंड केला की अस्फटिकी होतो आणि कमी प्रकाश परावर्तित करतो. मध्यम तापमानाला तापवला की पुन्हा स्फटिकरूप घेतो. सीडी-आरडब्ल्यू आणि डीव्हीडी-आरडब्ल्यूसाठी हा फेरा साधारण १,००० वेळा आणि डीव्हीडी-रॅमसाठी १,००,००० वेळा करता येतो, असे मानले जाते. आठवड्याला एकदा लिहिणाऱ्या माणसाची डिस्क या हिशेबाने झिजून संपणे कठीण आहे. पण डीव्हीडी+आरडब्ल्यूवर यूडीएफ करून ती लिहिण्यासाठी माउंट केली असेल आणि ‘नोएटाइम’ हा पर्याय दिलेला नसेल, तर नुसते वाचतानाही फायलींची वाचनवेळ वेळोवेळी डिस्कवर नोंदली जाते, त्याच त्या सेक्टरांवर पुन्हा पुन्हा लेखन होते आणि डिस्कचा एक छोटा पट्टा बाकीच्या डिस्कच्या कितीतरी आधी निकामी होतो.

३ हा आकडा एकाच डिस्कवर, प्रत्येक वेळी त्याच सेक्टरजवळ येत असेल, तर ती डिस्क बॅकअपसाठी वापरू नये. तो वेगवेगळ्या डिस्कवर, वेगवेगळ्या जागी येत असेल, तर दुसऱ्या निर्मात्याची नवी डिस्क घेऊन एकदा लिहून पाहावी, आणि तीही अडली तर त्याच डिस्क दुसऱ्या संगणकाच्या ड्राइव्हवर लिहून पाहाव्यात. तेथे त्या नीट लिहिल्या गेल्या, तर बदलायचा तो ड्राइव्ह.